हिलरीनं सांगितलेला पिक्चर

“तो म्हणतोय, जे केलं ते घरच्यांसाठी केलं,” हिलरीनं माइकवर सांगितलं. पुढच्या खुर्चीतल्या फर्डिनंडनं टाळी वाजवली आणि मागची अख्खी गर्दी टाळ्या पिटू लागली.

गुंडांच्या घराण्यावरच्या इंग्रजी पिक्चरचा हा दुसरा भाग. बाप गेला, आता लेक गादीवर. नाताळच्या आठवड्यात चर्चच्या पटांगणात दरवर्षी पिक्चर लागायचा आणि वसईच्या पोस्टात कारकुनी करणारा हिलरी पडद्याशेजारी उभा राहून त्यातलं बोलणं मराठीत सांगायचा. आजवर त्यानं पदरचा एक शब्द घातला नव्हता. यंदाचा पिक्चर फर्डिनंडनं आणला होता. हो, तोच टँकरवाला! गावच्या विहिरी उपसून विरारकडच्या नव्या बिल्डिंगींना पाणी विकणारा.

हिलरीच्या थोरल्या बहिणीनं, विधवा सेलिननं, फर्डिनंडला आपली विहीर द्यायला साफ नकार दिला होता. महिन्याभरापूर्वी त्या विहिरीत रॉकेल ओतलं गेलं. कुणी ओतलं, ते सगळ्या गावाला ठाऊक. पण सगळे मूग गिळून बसलेले. पाण्यावाचून वाडीतली केळी उभ्या उभ्या वाळली. आणि हेच लोक आता टाळ्या वाजवतात? हिलरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडद्यावर गुंड एका म्हाताऱ्या पाववाल्याला दमदाटी करत होते.

“दुकान विकत नाही म्हणून,” हिलरी म्हणाला, “यांनी त्याच्या पिठात रॉकेल ओतलं.”

टाळ्या थांबल्या.

“ओ हिलरीकाका!” फर्डिनंड उठला. “पिक्चरात असं काय नाय. नीट सांगा.”

“नीटच सांगतोय! वर हा नालायक म्हणतो, घरच्यांसाठी केलं. अरे, त्या म्हाताऱ्याला घर नव्हतं काय?”

फर्डिनंडच्या माणसानं माइकची वायर उपटली. हिलरी ओरडून सांगू लागला, पण पिक्चरच्या आवाजापुढे त्याचं काही चालेना. पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

तेवढ्यात बायकांमधून सेलिन उठली आणि थेट पडद्यापुढे येऊन उभी राहिली. मशीनवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं आवाज बारीक केला.

“हिलरी, तू गप,” ती म्हणाली. “पिठात नाय, माझ्या विहिरीत ओतलं. या फर्डिनंडनं. केळी गेली, प्यायला पानी नाय. आनि तुमी एवढे शेजारी असून एकानं इचारलं नाय.”

तिच्या अंगावरून पडद्यावरच्या गोळ्या जात होत्या. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारची अँजेलिना उठली, आपली खुर्ची उचलून तिनं सेलिनजवळ आणून ठेवली.

सेलिन बसली नाही.