फौजदाराचा श्रावण

जव्हारला होऊ घातलेली बदली टळावी म्हणून माधवरावांनी सत्याऐंशी सालच्या आषाढात देवाला परस्पर कळवून टाकलं, की यंदा आमच्या घरातले सगळे जीव कडक श्रावण पाळतील. कचेरीतला माणूस, शब्द तोलून वापरणारा. ‘सगळे जीव’ म्हटल्यावर त्यात फौजदारही आला. फौजदार म्हणजे त्यांचा तेरा वर्षांचा कुत्रा. त्याला नवसाची प्रत देण्यात आली नव्हती.

फौजदाराला खोड एकच. भातावर रंगूबाईची भुकटी पडल्याशिवाय तो ताटलीकडे बघत नसे. भांडी घासणारी रंगूबाई खाडीकाठच्या राहनाळ गावची. खाडीवरचा जवळा आणि बोंबलांची डोकी ती उन्हाळ्यात बिनमिठाची वाळवायची, तव्यावर कोरडी भाजायची आणि कुटून डब्यात भरायची. श्रावण लागला तसा माधवरावांनी तो डबा घराबाहेर काढला, थेट परसातल्या कोळशाच्या पोत्यामागे. फौजदारापुढे दूधभात आला. त्याने तो हुंगला आणि भिंतीकडे तोंड केलं.

रंगूबाई तेव्हा भाताच्या लावणीसाठी गावी होती. अकराव्या दिवशी संध्याकाळी ती कामावर आली, तर फौजदाराच्या बरगड्या मोजता येत होत्या.

“वयनी, ह्याला काय झालाय?”

माधवरावांच्या पत्नी प्रमोदिनीबाई ताटलीतला दूधभात ढवळत राहिल्या. उत्तर माधवरावांनी दिलं. ते नुकतेच कचेरीतून आले होते.

“त्याचा श्रावण आहे.”

“कुनाचा?”

“फौजदाराचा. बदली टळावी म्हणून घरातल्या सगळ्यांचा नवस आहे. आणि डबा शोधू नका. या घरात मासळी येणार नाही.”

रंगूबाईने हातातलं पातेलं आपटलं. शेजारच्या कापडाच्या कारखान्यात चार लूम चालू होते, तरी ते ऐकू गेलं.

“भाऊसाहेब, नवस तुमचा, बदली तुमची, न् पोट ह्याचं? त्यानं काय अर्ज केला व्हता जव्हारला पाठवू नका म्हनून?”

“रंगूबाई, तोंड सांभाळा.”

“मी काय सांभालू? कुत्रा मरतोय, तुमी देवाला लाच देताय, तीबी दुसऱ्याच्या ताटातली!”

“दूधभात आहे समोर. माज आलाय त्याला.”

“माज! उभा ऱ्हाता येत न्हाय त्याला, न् माज!”

आपण दयाळू आहोत हे दाखवायला माधवराव फौजदारासमोर उकिडवे बसले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागले. फौजदाराच्या नाकपुड्या हलल्या. पुढचे पाय टेकत तो उठला आणि साहेबांची बोटं चाटू लागला. एकेक बोट, नखांच्या कडांसकट, मन लावून.

माधवरावांनी हात मागे घेतला, पण प्रमोदिनीबाईंनी तो मधेच धरला आणि नाकाशी नेला.

“कुठल्या फायलीला बोंबलाचा वास येतो हो?”

“ते... स्टँडजवळच्या खानावळीत... घरातला श्रावण म्हटलं होतं मी. बाहेरचं नाही.”

“आणि हा कुठे जेवायला जाणार होता? खानावळीत?”

त्या परसात गेल्या. पोतं लाथेने बाजूला सारून त्यांनी डबा आणला. माधवराव दार अडवून उभे राहिले.

“प्रमोदिनी, बदली झाली तर जबाबदार तू!”

“बाजूला व्हा.”

एवढ्या वर्षांत त्या आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या. माधवराव बाजूला झाले. प्रमोदिनीबाईंनी भात कुस्करून कोमट पाण्यात पातळ केला आणि त्या वर मूठभर भुकटी ओतायला निघाल्या.

“येवढी नगं!” रंगूबाईने त्यांचं मनगट पकडलं. “रिकाम्या पोटी चिमूटभर. चमच्याचमच्यानं द्या.”

फौजदाराने पहिला घास जिभेवर बराच वेळ ठेवला. मग गिळला. दुसरा जरा लवकर.

“खातोय गं,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले.

रंगूबाईचा पारा मात्र खाली यायचं नाव घेईना.

“रडू नका आता. ह्यांना देव दिसत व्हता. तुमाला अकरा दिवस काय दिसत व्हता, वयनी?”

प्रमोदिनीबाईंनी पुढचा चमचा भरला. तो थोडा सांडला, तेवढा फौजदाराने फरशीवरून चाटून घेतला.