मिस्त्रींचा शेगडा

कासार आंबोलीत पिराजीच्या घराची खूण सांगायची झाली तर लोक सांगत, "ज्याच्या पडवीत लोखंडी जबडे आ वासून बसल्यात, ते घर." ते जबडे म्हणजे शेगडे. पुण्याच्या कारखान्यांतली शिकलेली माणसं त्याला व्हाइस म्हणतात. दोन जबडे, मधे एक जाड स्क्रू; दांडा फिरवला की जबडे मिटतात आणि मधली वस्तू अशी आवळून धरतात की तिची हलायची बिशाद नाही. गावात कुणी कोंबड्या पाळी, कुणी बैलांच्या खिल्लारी जोडीवर जीव टाकी. पिराजीनं शेगडे पाळले होते.

जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात एखादा गंजका शेगडा दिसला की त्याचे पाय तिथंच अडकायचे. कुणाचा दांडा हरवलेला, कुणाचे आटे झिजलेले, एकाचा तर निम्मा जबडा कुण्या अडाण्यानं ऐरण समजून ठोकून काढलेला. पिराजी त्यांना घरी आणायचा, घासलेटात बुडवायचा, काथ्यानं आणि राखेनं घासायचा, नवे दात कापून बसवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी तोच शेगडा पडवीत तेल पिऊन चकचकीत बसलेला असायचा. असे नऊ झाले होते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण त्याच्या बायकोला, सुंदराला, ते पटत नसे.

"घरात माणसं चार आन् शेगडे नऊ," ती म्हणायची. "उद्या ह्यास्नी भाकरी थापायची येळ यायची माज्यावर."

लोक पिराजीला येडा म्हणत. पण वेड उगाच लागत नाही. पिराजीच्या डाव्या हाताला फक्त अंगठा होता. धनगराचं पोर, मेंढरं सोडून पुण्यात नदीकाठच्या जयसिंग मिस्त्रींच्या दुकानात फिटरकाम शिकायला गेलं, आणि एकोणीसशे एकोणपन्नास साली लेथच्या फिरत्या पट्ट्यात चार बोटं देऊन बसलं. हात बरा झाल्यावर तो आपलं अंथरूण न्यायला दुकानात गेला. पुन्हा मेंढरांमागं जायचं, एवढंच आता उरलं होतं.

मिस्त्री मूळचे पिरंगुटचे. बोलणं कमी, आणि जे बोलत ते कामापुरतं. त्यांनी बाकावरचा एक लहान शेगडा पान्यानं खोलला आणि पिराजीपुढं ठेवला. "ह्योच आता तुजा डावा हात," ते म्हणाले. "उद्या येळंवर यी."

मग सहा वर्षं त्यांनी त्याला एका हातानं काम करायला शिकवलं. कानस उरलेल्या तळव्यानं कशी दाबायची, करवत पोटाच्या जोरावर कशी ढकलायची. मिस्त्री स्वतः डावा हात पाठीमागं बांधून आधी करून बघायचे, जमलं की मगच पिराजीला सांगायचे. अशी विद्या कुठल्या शाळेत मिळते? आज आंबोलीत पिराजीची स्वतःची पडवी होती, पंचक्रोशीतली इंजिनं, कुलपं, नांगराचे बोल्ट त्याच्याकडं येत होते. घरातली प्रत्येक भाकरी मिस्त्रींच्या जिवावर भाजली जाते हे तो जाणून होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतही होता.

एकसष्टच्या आषाढात पानशेतचं धरण फुटलं. नदी पुण्यात शिरली आणि जाताना मिस्त्रींचं दुकान घेऊन गेली. माणूस वाचला. मिस्त्री पिरंगुटला पुतण्याच्या घरी आले आणि ओसरीवरच्या बाजेवर बसले ते बसलेच. पिराजी दर आठवड्याला दूध घेऊन जायचा. मिस्त्री त्याच्याकडं बघायचे, मान हलवायचे, आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड करायचे.

"जेवत्यात, झोपत्यात, बसत्यात," पुतण्या म्हणाला. "कुणी कुलूप दुरुस्तीला आनलं तर हात लावत न्हाईत. असंच चाललं तर दिवाळी बघायचे न्हाईत."

पिराजीला दुकानातला शेगडा आठवला. तीस वर्षं मिस्त्रींनी एकाच शेगड्यावर काम केलं होतं. थोरला, विलायती, दोघांनी उचलावा असा. खंडेनवमीला मिस्त्री त्याला न्हाऊ घालून हळदकुंकू लावायचे आणि म्हणायचे, ज्याच्यापुढं आज पुजायला अवजार नाही तो कारागीर संपला. खंडेनवमीला आता अडीच महिने होते. पिराजीनं मनाशी ठरवलं, शेगडा शोधायचा, दुरुस्त करायचा, आणि त्या दिवशी मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवायचा. त्याशिवाय हा माणूस बाजेवरून उठत नाही.

दर रविवारी फावडं घेऊन तो पुण्याला जायला लागला. दुकानाच्या जागी कमरेएवढा गाळ होता. चार रविवार काही हाती लागलं नाही. पाचव्या रविवारी पडलेल्या भिंतीचे दगड उपसताना फावडं खण्णकन वाजलं. बाकाच्या फळीला अजून दोन बोल्टांनी धरून, चिखलानं तोंड भरलेला, थोरला शेगडा तिथं पडला होता. पिराजीनं भर रस्त्यात त्याला नमस्कार केला. बघणाऱ्यांना वाटलं, कुठला तरी देव सापडला असावा.

एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर कुरकुरला. घरी सुंदरानं कपाळाला हात लावला. "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं." पण तो कुणाचा हे कळल्यावर तिनंच घागरभर पाणी आणून त्याचा चिखल धुतला.

चिखल गेला, गंज जाईना. स्क्रू मागच्या नटात असा बसला होता की दोन्ही एकाच लोखंडाचे असावेत. पिराजीनं महिनाभर घासलेट पाजलं, टोले घातले, शिव्याही घातल्या. खंडेनवमी आठ दिवसांवर आली. शेवटी त्यानं शेगडा बैलगाडीत घातला आणि गावच्या लोहाराकडं, गेणबाकडं नेला.

गेणबा पिराजीच्या बापाच्या वयाचा. त्याच्या हातच्या कुऱ्हाडीला मुळशीत तोड नव्हती. त्यानं भाता धरला, मागचा भाग हलका तांबूस होईस्तवर तापवला. पिराजीनं दांड्याला नळी लावून जीव खाऊन रेटा दिला. स्क्रू करकरला आणि पाव फेरा फिरला. मग अर्धा. मग पुरा. पिराजीला एवढा आनंद झाला की त्यानं मागं वळून बघितलंच नाही.

मागं गेणबानं पाण्याचा डबा उचलला होता. तापवलेलं लोखंड काम झालं की पाणी घालून शांत करायचं, ही त्याची, त्याच्या बापाची आणि आज्याची रीत. हात आपोआप गेला. टच्च असा आवाज झाला.

शेगड्याच्या मानेला, मागच्या जबड्याखालच्या निमुळत्या भागाला, करंगळीएवढी लांब भेग गेली होती.

शेगड्याचं अंग बिडाचं असतं. ओतीव. मिस्त्रींनी पिराजीला शंभरदा सांगितलं होतं, बीड म्हणजे म्हाताऱ्याचं हाड, वाकत नाही, मोडतं. तापलेलं असताना पाणी दाखवू नकोस. गेणबानं जन्मभर घडीव लोखंड ठोकलं होतं, बीड त्याच्या आगटीवर कधी आलंच नव्हतं. त्या घडीला पिराजीला गेणबाचा गळा धरावासा वाटला. गळा धरायला दोन हात लागतात म्हणून गेणबा वाचला, असं तो पुढं हसत सांगायचा. पण तेव्हा हसू कुठलं? तो तिथंच राखेत बसला.

"पिराजी, म्या काय केलं रं?" गेणबाच्या हातात डबा तसाच होता.

"तुमी न्हाई, गेणबातात्या," पिराजी म्हणाला. "बिडाचा हाय ह्ये मला ठावं हुतं. तुमास्नी सांगायचं माजं काम हुतं. खुळ्यावानी इसरलो."

पुण्याचा वेल्डिंगवाला भेग बघून म्हणाला, जोड देईन, पण ताण आला की पुन्हा उघडेल. सुंदरा म्हणाली, काळा रंग फासा, कुणाला दिसतंय? पिराजीला रात्र रात्र झोप येईना. आवळायला गेलं की फुटणारा शेगडा मिस्त्रींपुढं ठेवायचा म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यातला प्रकार.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेणबा दारात उभा. खांद्यावर घडीव लोखंडाची जाड पट्टी.

"गाडीच्या चाकाला धाव असती का न्हाई?" तो बसायच्या आधीच बोलायला लागला. "लोखंडाची कडी. चाकापरास किंचित ल्हान करायची, तापवली की फुगती, तवा चढवायची. थंड झाली की आकसती, आन् सगळं चाक असं आवळती की आरा हलत न्हाई. मंग ह्या मानंला का न्हाई चढायची?"

पिराजी त्याच्याकडं बघतच राहिला. मग उठून त्याच्या पायाला हात लावला.

दोन दिवस दोघांनी मापं घेतली. भेगेभोवतीची मान पिराजीनं कानशीनं एकसारखी गोल केली. गेणबानं कडी घडवली, केसभर लहान. मग अंगणात गोवऱ्यांचा जाळ केला, चाकाची धाव तापवतात तसाच. कडी लाल झाली, दोघांनी सांडशीनं उचलली, मानेवर बसवली, दोन टोले दिले. धाव चढवल्यावर पाणी मारायची रीत असते, म्हणून सुंदरानं बादली आधीच उचलून घरात नेली होती. गेणबा दोन्ही हात काखेत दाबून बसला. कडी आपसूक थंड होईस्तवर दोघं एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी पिराजीनं कडीबाहेर उरलेल्या भेगेच्या टोकावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. जबड्यात पहार धरून दांड्याला सगळं अंग लोंबकळवलं. शेगडा हूं की चूं करीना.

खंडेनवमीच्या सकाळी तो गाडी घेऊन पिरंगुटला गेला. रंग फासला नव्हता. पुतण्यानं आणि त्यानं शेगडा उचलून ओसरीवर ठेवला, सुंदरानं दिलेली हळदकुंकवाची पुडी शेजारी.

मिस्त्रींनी खूप वेळ बघितलं. "कुटं घावला?"

"भिताडाखाली."

"घिऊन जा," मिस्त्री म्हणाले. "मला नगं."

पिराजीला वाटलं, त्यांना भेग दिसली. पण मिस्त्री शेगड्याकडं बघतच नव्हते.

"तुजी बोटं गेली त्या दिशी फिरत्या चाकावर पट्टा म्या चढावला," ते म्हणाले. "गिऱ्हाईक दारात हुतं, घाई हुती. तू वाकलाय का न्हाई ह्ये बघितलं न्हाई. तू समद्यास्नी सांगत फिरलास, 'माजीच चूक.' म्या गप बसलो. बारा वर्सं गप बसलो. नदीनं दुकान नेलं तवा मनात म्हनलं, बरोबर झालं. ज्या हातांनी दुसऱ्याचा हात नेला, त्यांनी आता काम करू नये."

बारा वर्षं पिराजी खरंच स्वतःलाच दोष देत आला होता. क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढं तो पट्टा आला, ते रक्त आलं, आणि रागही आला. खोटं कशाला सांगा. मग त्याला पाठीमागं डावा हात बांधून कानस चालवणारे मिस्त्री आठवले, घामानं निथळणारे. आणि राग जसा आला तसा निघून गेला.

त्यानं शेगडा फिरवून मान मिस्त्रींच्या पुढ्यात केली. "ह्ये बघा. गेणबा लोहारानं तापल्यावर पानी वतलं. बिडाचा हाय ह्ये मी त्याला सांगितलं न्हाई. तडकला. मंग त्यानंच धाव चढावली. आता तुमीच सांगा, मी गेणबाचं तोंड बघायचं सोडू का त्याच्या पाया पडू?"

मिस्त्रींची नजर भेगेवर गेली.

"पट्टा तुमी चढावला आसंल," पिराजी म्हणाला. "पन बोटं गेल्याली मानसं लई हायेत, मिस्त्री. त्यांच्यापायी डावा हात बांधून घेनारा कुनी न्हाई भेटला त्यास्नी. मला भेटला. माज्या मनात तुमच्याबद्दल दुसरं कायबी न्हाई. निस्ते उपकार हायेत."

मिस्त्रींचा हात सावकाश पुढं आला. धावेवरून बोट फिरलं, कडेला थांबलं, भेगेच्या टोकावर गेलं, परत आलं. कारागिराचं बोट, त्याला खोटं बोलता येत नाही.

"गेणबाला बिडातलं कळत न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई."

"पन काम चोख हाय." त्यांनी दांडा एकदा फिरवून बघितला. "तुज्याकडं बाक केवढा उंच हाय?"

पिराजीला आधी प्रश्न कळलाच नाही. "माज्या कोपरापोतूर."

"तू बुटका. मला दिसभर वाकून मरायला लावशील. शेगडा धन्याच्या कोपराला लागाय पायजे, शिकीवलं हुतं का न्हाई?" असं म्हणत मिस्त्रींनी बाजेच्या कडेला हात टेकला, गुडघ्यांवर भार दिला, आणि ते उठले. तीन महिन्यांत घरच्यांनी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. पुतण्या दारातच थबकला. "दोरी आन," मिस्त्री पिराजीला म्हणाले. "माप घे."

पिराजीनं गाडीतली सुतळी आणली. खाली बसून एक टोक डाव्या अंगठ्यानं मिस्त्रींच्या पावलाशी जमिनीवर दाबून धरलं आणि दुसरं उजव्या हातानं त्यांच्या कोपराकडं नेलं. डोळ्यांतल्या पाण्यानं त्याला कोपर नीट दिसत नव्हतं.

"सैल धरलीस," वरून मिस्त्री म्हणाले. "ताण."