दुसऱ्या अंगाचं पाणी

मी फोनवर आईला एवढंच म्हणाले होते की तीन महिने मी जी संख्या शोधत होते, ती मुळात नाहीच, आणि हे आता सिद्ध झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला माझे वडील, आबा, शहरात गारखेड्यातल्या माझ्या खोलीच्या दारात हजर. हातात काठी, काखेत रिकामं पोतं.

"नाय म्हणून कळलं नव्हं? मग भर सामान," आबा म्हणाले. "तलाठ्याची जाहिरात निघालीय."

आमचा मेंढरांचा धंदा. सोयगावच्या डोंगरात मेंढरू हरवलं की घरातला एक जण मागावर जातो. तो मागावर असेपर्यंत त्याला कुणी दुसरं काम सांगत नाही, लग्नाला बोलवत नाही की मयताला. पण मेंढरू मिळालं किंवा मेलेलं कळलं की त्यानं निमूट घरी यायचं. मेलं असेल तर आपली खूण कापलेला त्याचा कान आणून दाखवायचा. झाडाखाली ताणून देऊन "मेलं" म्हणणाऱ्यांसाठी ही सोय. या तीन महिन्यांत आबांनी माझी दोन स्थळं "पोरगी मागावर हाय" म्हणून परत पाठवली होती, आणि मी मनातल्या मनात त्या संख्येचे आभार मानले होते.

मला तलाठी व्हायचं नव्हतं. बीएस्सी झाल्यावर एमएस्सी, मग पीएचडी, मग जन्मभर गणितच करायचं होतं. हे आबांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

"कान दाव," आबा म्हणाले.

"संख्येला कान नसतो, आबा."

"मग मेली कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. तीन महिने जागून केलेलं काम, आणि हे कान मागतात! मी त्यांना तसंच रिक्षात घातलं आणि कॉलेजात बद्रीनाथ सरांपुढे नेऊन उभं केलं. सर माझे मार्गदर्शक; चार अटी घालून ती संख्या शोधायला त्यांनीच मला दिली होती. आबांना पटलं तर मला त्यांच्याबरोबर घरी जावं लागेल, हे रागाच्या भरात माझ्या लक्षातच आलं नाही.

सरांनी माझी अकरा पानांची सिद्धता आबांच्या हातात दिली. आबांनी ती उलटी करून पाहिली, झटकली. काहीच पडलं नाही. सर स्वभावानं भिडस्त. त्यांनी कॉलेजचा छापील कागद काढला आणि लिहिलं: दाखला देण्यात येतो की, सदर संख्या अस्तित्वात नाही. खाली सही केली, गोल शिक्का मारला आणि तो आबांना दिला.

"मेंढरू मेलं म्हणून सरपंचाचा दाखला आमच्यात चालत नाय, गुरुजी," आबा नम्रपणे म्हणाले.

मग मीच खडू घेतला. "आबा, समजा ती आहे. असली तर तिला तीननं भाग गेलाच पाहिजे. तीननं भाग जाणाऱ्या संख्यांत ती बसूच शकत नाही. म्हणून ती नाही."

आबांचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजी पाण्यावर बसलीस व्हय! जितं असंल तर तिसऱ्या दिशी पाण्यावर येणारच. आलं नाय, म्हंजी नाय. असं सरळ सांग की!"

हीच युक्ती शिकायला मला कॉलेजची तीन वर्षं लागली होती.

"पन पाणी एकच व्हतं का?" आबांनी विचारलं.

"विषम संख्यांसाठी एकच."

"आन डोंगराच्या दुसऱ्या अंगाला?"

"सम संख्यांना पण तसंच," असं म्हणून मी नववं पान दाखवलं. तिथं एक ओळ होती: सम संख्यांसाठी याच रीतीने सिद्ध होते.

"ते खरं. पन त्या अंगाला गेलतं का कोणी?"

मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. मला वाटलं होतं ते सरांनी तपासलं असेल, आणि सरांना वाटलं होतं ते मी केलं असेल. सरांनी हळूच आबांच्या हातातला दाखला काढून घेतला आणि फाडला.

"म्हंजी पोरगी अजून मागावरच हाय," आबा म्हणाले. त्यांनी पोत्याची घडी घातली आणि दुपारच्या एसटीनं निघून गेले. मला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि त्या आनंदाची जास्तच लाज वाटत होती.

अठराव्या दिवशी मला ती सापडली. सम, नऊ अंकी, दिसायला अगदी बेढब, पण सरांच्या चारही अटी पुऱ्या करणारी. मी एकटीच खोलीत नाचले. मग नाचता नाचता थांबले, कारण सापडलं की घरी परत यायचं असतं.

मी कुणालाच सांगितलं नाही, सरांनाही नाही. तीन रविवार आबांचा फोन आला, सापडली का विचारायला, आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणाले.

"घाई करू नको माय, दुसऱ्या अंगाला दऱ्या लई," ते दर वेळी म्हणायचे.

चौथ्या रविवारी ते म्हणाले, "काल अजून एक स्थळ आलतं. लोक म्हणाले, पोरगी तुला फसविती. मी म्हणलं, माझी पोरगी झाडाखाली झोपणारी नाय."

मला ते सहन होईना. "आबा, सापडली," मी म्हणाले. "तीन आठवडे झाले. मी खोटं बोलले. उद्या सामान भरून येते."

आबांनी पलीकडे ओरडणाऱ्या मेंढरांना गप्प केलं.

"एकटीच व्हती का?" आबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मेंढरू एकटं राहत नसतं, बाई. कळप तुटला तरी दुसरं धुंडतंच. ही तिथं इतके दिस थांबली, म्हंजी आसपास अजून असतील." ते खाकरले. "नीट बघून घे. लागंल तेवढी वर्षं लागू दे."

मी फोन कानाला तसाच धरून रडत होते, आणि आबा तिकडून पुन्हा पुन्हा विचारत होते, रेंज गेली का म्हणून.