तिच्याच नावावर

तिने पहिल्या योजनेचं माहितीपत्रक एका बोटाने सरकवत सल्लागार बाईंच्या बाजूला परत ढकललं.

"ही नको. दुसरी."

दादाने ते मध्येच तळहाताखाली दाबून धरलं. बँकेच्या या काचेच्या खोलीत बसून त्यांना बराच वेळ झाला होता आणि त्यातला बहुतेक वेळ दादाच बोलत होता. त्याला सोबत पाठवलं होतं ते तिच्या नवऱ्याने. दादांना व्यवहारातलं कळतं, असं सांगून नवरा निर्धास्तपणे कामावर निघून गेला होता. दादाचं नळ-पाइपांचं दुकान होतं, हाताखाली माणसं होती, आणि दरवर्षी कर भरायची वेळ आली की तो अख्खं घर डोक्यावर घ्यायचा. तेवढ्यावरून त्याला सगळं कळतं असा घरात समज होता. ती सोफे शिवायची. आपण बसलोय त्या खुर्चीची शिवण मागून उसवली आहे, हे तिला टेकल्याटेकल्या कळलं होतं. पण असल्या कळण्याला व्यवहार म्हणत नाहीत.

प्रश्न भिंगरीच्या कॉलेजचा होता. भिंगरी ही तिची लेक, सहा वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ, आणि कॉलेज अजून पार लांब. पण सुरुवात आता केली तरच रक्कम उभी राहील, हे बाईंनी न कंटाळता समजावलं होतं. पहिल्या योजनेत भरलेल्या पैशावर करात पुरती सूट होती. शिवाय खातं कोणाच्या शिक्षणासाठी, ते पालकाला हवं तेव्हा बदलता येत होतं. भिंगरीच्या जागी चुलत, मामे, घरातलं कुठलंही भावंड चालणार होतं. दुसरीत सूट अर्धीच. खातं मात्र मुलीच्याच नावावर. एकदा नाव घातलं की ते कोणालाही बदलता येणार नव्हतं, आणि ती अठरा वर्षांची झाली की सगळं तिच्या हातात.

"हातचा कर वाचतोय तो सोडून द्यायचा?" दादा म्हणाला. "अगं, समज, उद्या भिंगरीने शिकायचं नाही म्हटलं. मग माझ्या पोराला उपयोगी पडतील. पैसा घरातच राहतो."

तिचा हात खुर्चीच्या उसवलेल्या शिवणीवर होता, तो तिथेच थांबला.

हे वाक्य बाबांचं होतं. याच चालीत, याच खात्रीने म्हटलेलं. तिला इमारतींचे नकाशे काढायला शिकायचं होतं, प्रवेशही मिळाला होता. मग एका संध्याकाळी बाबांनी सांगितलं की दादाने दुकानासाठी पैसे मागितलेत, तुझ्या फीचे त्याला दिले, पैसा घरातच राहतो. ती भांडली नाही. भांडली नाही याचाच तिला पुढे जास्त राग येत गेला. तिच्या घरातला प्रत्येक नळ दादाच्या दुकानातून आलेला, तोही फुकट, त्यामुळे साधं पाणी प्यायलं तरी तिला ते आठवायचं.

"भिंगरी काय म्हणेल ते तू कशाला सांगतोस?" ती म्हणाली.

"मी कुठे सांगतोय? होतं असं कधीकधी. तूसुद्धा नकोच म्हणाली होतीस की."

"मी?"

"मग काय. तू शिकायला नको म्हणालीस, म्हणून तर ते पैसे दुकानाला आले."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. दादाला खोटं बोलता येत नसे. लहानपणी प्रयत्न केला की त्याला आधी हसू फुटायचं. आता तो हसत नव्हता. उलट, एवढी साधी गोष्ट ही कशी विसरली, असा त्याचा चेहरा होता.

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"मला सांगितलं, तू मागितलेस."

दादाचा तळहात माहितीपत्रकावरून उचलला गेला.  बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. दोघांना दोन गोष्टी सांगून तो माणूस आयुष्यभर शांत झोपला होता, आणि आता त्याला जाब विचारायची सोय उरली नव्हती. तिला संताप आला, पण इतकी वर्षं ज्याच्यावर तो काढायचा असं मनात धरलं होतं तो शेजारी कानकोंडा होऊन बसला होता. हा राग आता ठेवायचा कुठे, हे तिला कळेना.

सल्लागार बाईंनी उगाच पेन उघडलं, बंद केलं. मग हळू आवाजात म्हणाल्या की दुसरी योजना घ्यायची तर एक गोष्ट आधी स्पष्ट सांगावी लागते. मुलगी अठराव्या वर्षी खरोखरच शिकत नाही म्हणाली, तर आईला काहीही करता येणार नाही.

"मग नाही शिकणार," ती म्हणाली. "पण ते ती म्हणेल."

"आणि कर भरावा लागेल तो?" बाईंनी विचारलं.

"भरेन. चार सोफे जास्त शिवेन."

 बाई दुसऱ्या योजनेचा अर्ज काढून भरायला लागल्या. भिंगरीचं नाव त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, ते ती पुढे वाकून, एकेक अक्षर तपासत बघत राहिली. तिच्या हयातीत ते आता कोणी खोडणार नव्हतं, आणि नंतरही नाही. वर्गात पहिलं आल्यासारखा तिला आनंद झाला, आणि तो लपवायची तिने काही खटपट केली नाही.

मग बाई म्हणाल्या, आणखी एक नाव लागेल. आईचं काही बरंवाईट झालं, तर मुलगी मोठी होईपर्यंत खातं सांभाळणारं कोणीतरी.

दादा खुर्चीत मागे सरकला.

"माझं नको घालू," तो म्हणाला. "भावजींचं घाल."

तिचा नवरा भला माणूस होता. कोणी काही सांगितलं की त्याला ते लगेच पटायचं.

"तुझंच घालते," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"तुझंच. आणि कोणी येऊन तुला सांगितलं की भिंगरी नको म्हणतेय, तर आधी जाऊन तिला विचारायचं. मग तो सांगणारा घरातला का असेना."

दादा पुन्हा टेबलाशी सरकला. बाईंनी त्याला पूर्ण नाव विचारलं. त्याने घसा साफ करून, दुकानात बिलावर सांगतो तसं नाही, शाळेत हजेरीला सांगायचा तसं, ते सांगितलं.