डब्यात पाणी वाजतंय

मित्रांनो, मी एक जुना पोहायचा डबा आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसू नका. ज्याला पाठीवर बांधून पन्नासएक पोरं पोहायला शिकली, त्यानं असं म्हणणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या पोटात काय आहे ते मला ठाऊक. माझ्या पोटात काहीच नाही, नुसती हवा आहे. ती आहे तोवर मी तारणारा. तिच्या जागी पाणी आलं की मी मुलाच्या पाठीला बांधलेलं ओझं.

१९९१ सालापर्यंत मी साधा शेंगतेलाचा पाच लिटरचा डबा होतो. तेल संपल्यावर माझ्या मालकांनी, आप्पासोंनी, मला भंगारात दिलं नाही. हातकणंगल्याच्या वाटेवर त्यांचं शेत आहे आणि शेतात दगडी पायऱ्यांची विहीर आहे. त्यांनी पत्र्याची कामं करणाऱ्याकडून माझं तोंड कायमचं बंद करून घेतलं, अंगाला दोन कड्या बसवल्या आणि त्यांतून खाटेच्या नवारीचा पट्टा ओवला. त्या उन्हाळ्यापासून मळ्यातली पोरं मला पाठीवर बांधून विहिरीत उड्या टाकू लागली. कुणी रडत, कुणी माझ्या नावानं शिव्या देत. पण महिन्याभरात तीच पोरं मला काठावर टाकून मोकळी होत आणि मग माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत.

आप्पासोंची एक रीत होती. दर पाडव्याला ते मला खुंटीवरून काढत, मोटरीच्या हौदात पूर्ण बुडवून धरत आणि मोठ्यानं वीसपर्यंत आकडे मोजत. बुडबुडा आला नाही की म्हणत, "डबा खरा हाय." वर्षभरात माझं कौतुक होई ते एवढंच. ते वीस आकडे पुरे होईपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

पुढं विहिरीवर पोरं यायची कमी झाली. काही शहरातल्या तलावावर शिकू लागली, काही शिकेनाशीच झाली. मग पाडव्याची रीतही सुटली. तीन वर्षं मी फवारणीच्या पंपामागं टांगलेला होतो. माझ्या तोंडाशी, जिथं झाकण पक्कं बसवलं होतं तिथं, गंज धरला. तो आत आत चालला होता, हे मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

२००६ च्या एप्रिलात आप्पासोंचा मुलगा भरतेश मला न्यायला आला. त्याचं कोल्हापुरात शेतीपंपांचं दुकान आहे. त्या वर्षी त्यानं इतके पंप विकले की कंपनीनं खूश होऊन त्याला सहकुटुंब जहाजाची सहल दिली. मुंबईहून निघायचं, तीन रात्री समुद्रात राहायचं आणि परत यायचं. घरात बायको त्रिशला, दहा वर्षांचा अनेकांत आणि सहा वर्षांची आदिती. चौघांनी समुद्र एकदाच बघितला होता, तोही घोट्याएवढा.

कंपनीनं एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक पाठवलं होतं. भरतेश ते रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायचा. त्यात नाचगाणी, जेवणं, पोहायचा तलाव, सगळं होतं. पण शेवटच्या पानावर एक ओळ होती: लहान मुलांना डेकवर एकटं सोडू नये. त्या ओळीनं घराची झोप उडवली.

त्रिशलाचं भय जेवणापासून सुरू झालं. घर जैन, तेव्हा कांदाबटाट्याशिवाय तिथं काय मिळणार, आणि मिळालं तरी दिवस मावळायच्या आत मिळणार का? म्हणून तिनं दशम्या, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि सुंठीच्या वड्या असा चांगला दहा दिवसांचा शिधा बांधला. तीनच दिवस जायचंय म्हटलं तर म्हणाली, "आनि जहाज बंद पडलं तर?" मग तिनं पोरांच्या एकेका कपड्याला आतून पट्टी शिवली. पट्टीवर नाव आणि घरचा फोन नंबर.

"आई, समुद्रात फोन कोण करणार?" अनेकांतनं विचारलं.

"ज्याला सापडशीला तो करंल की," ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

भरतेशनं ठरवलं, अठरा दिवसांत दोन्ही पोरांना पोहता आलं पाहिजे. आप्पासो त्याला म्हणाले, "समुद्रात पडल्यावर पोवून जायाचं कुठं रं? गोव्याला?"

"आप्पा, येऊ द्या तरी. पाण्याचं काय सांगता येतंय?"

खरं तर भरतेशला स्वतःलाच पोहता येत नव्हतं. तो आठ वर्षांचा असताना कुणीतरी चेष्टेनं त्याला विहिरीत ढकललं होतं. तो गटांगळ्या खाऊन वर आला तेव्हा काठावरचे सगळे हसत होते. त्यानंतर तो कधी पाण्यात उतरला नाही, आणि हे त्यानं बायकोपोरांनाही सांगितलं नव्हतं. आप्पासोंना ठाऊक होतं. विहिरीच्या काठावर त्यांनी ते एकदा कुणाला तरी सांगितलं, म्हणून मलाही ठाऊक.

त्यानं मला घरी आणलं, धुतलं आणि नारिंगी ऑइलपेंट दिला. पुस्तकातल्या चित्रात जहाजावरची जॅकेटं नारिंगी होती म्हणून. आदितीनं माझ्या अंगावर खडूनं एक मासा काढला, तो त्यानं काळ्या रंगानं गिरवून दिला. शेजारपाजारचे बघायला आले. "नवा कोरा वाटतोय की," म्हणाले. मित्रांनो, मला ते फार आवडलं, हे कबूल करायला आज लाज वाटते. कारण रंगाचा ब्रश माझ्या तोंडाजवळच्या गंजावरूनही फिरला होता आणि तिथलं टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेनासं झालं होतं. भरतेशला वाटलं, आप्पांनी डबा बुडवून बघितला असेल. आप्पासोंना वाटलं, एवढा रंगवलाय म्हणजे यानं बघितलाच असेल.

पहिले सहा दिवस अनेकांत मला बांधून विहिरीत उतरला. आप्पासो पाण्यात उभे राहून हातपाय मारायला शिकवत. रोज रंगाखालून चारदोन थेंब आत येत. ते माझ्या पोटात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळत आणि माझा थरकाप होई. सहाव्या दिवशी अनेकांतनं वरच्या पायरीवरून उडी टाकली आणि माझं तोंड दगडावर आपटलं. रंगाला आणि खालच्या गंजक्या पत्र्याला चीर गेली. तो पोहत बाहेर आला तेव्हा माझ्या पोटात तांब्याभर पाणी होतं. त्याला कळलंही नाही, कारण त्याला आता माझी गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आदितीची पाळी होती. सकाळी व्हॅनमध्ये ती मला मांडीवर घेऊन बसली. रस्त्याला खड्डे होते आणि मी जमेल तेवढा वाजलो. एवढ्या वर्षांत मी कधी कुणाशी बोलायचा प्रयत्न केला नव्हता, त्या दिवशी केला. आदितीनं मला कानाशी धरलं, हलवलं, पुन्हा कानाशी धरलं.

"पप्पा, डब्यात पाणी वाजतंय."

"भ्या वाटतंय म्हणून कायपण सांगू नको."

"तसं न्हाई, खरंच वाजतंय."

"दादा ह्याच डब्यावर पोवला न्हवं? गप बस बघू."

ती खिडकीकडं वळली. पण तिनं मला खाली ठेवलं नाही.

विहिरीत आप्पासो गळ्याएवढ्या पाण्यात हात पसरून उभे होते. शेजारच्या मळ्यातलं इंजिन धडधडत होतं. आदितीनं पायरीजवळचा पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आज्जा, डबा वाजतोय," ती म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि हसून बोलावलं. भरतेशनं पट्ट्याची गाठ मारली, सोडली आणि पुन्हा घट्ट मारली. त्याच्या डोक्यात बहुतेक एवढंच होतं की दिवस अकराच उरलेत. त्यानं तिची बोटं पाइपावरून एकेक करून सोडवली आणि तिला पाण्यात सोडलं.

मित्रांनो, त्यापुढचं सांगताना आजही माझा पत्रा गार पडतो. चिरेतून पाणी घुसलं ते थेंबाथेंबानं नाही, घटाघटा. मी जड झालो आणि एका अंगाला कललो. तिची पाठ खाली गेली, मग तोंड खाली गेलं. तिचे हात वर पाणी मारत होते आणि मी, ज्यानं तिला वर धरायचं, तोच तिला खाली ओढत होतो. पट्टा सुटावा म्हणून मी तडफडलो. पण गाठ बापानं काळजीनं मारली होती, ती सुटणारी नव्हती. वर पायरीवर भरतेश एक पाय पाण्यात घालून उभा होता आणि "आप्पा, आप्पा" एवढंच ओरडत होता. त्याला पुढं पाऊल टाकता येत नव्हतं.

आप्पासोंनी दोन हातांत अंतर कापलं, पट्टा धरला आणि आम्हा दोघांना वर काढलं. आदिती पायरीवर ओकली, खोकली, मोठ्यानं रडली. आप्पासोंनी मला हलवून बघितलं.

"भरत्या, हौदात बुडवून बघितलंवतंस का न्हाई?"

"मला वाटलं तुम्ही बघितलं असशीला."

"आनि मला वाटलं तू."

आदितीचं रडू थांबलं होतं. तिनं नाक पुसलं आणि बापाकडं बघून म्हणाली, "मी सांगितलेलं की."



घरी कळलं तेव्हा, आदितीनं मला नंतर सांगितलं तसं, त्रिशलानं बांधलेली बॅग सोडून सगळं कपाटात परत ठेवलं. "कुठं जायाचं न्हाई. घागरभर पाण्यात ही गत, आनि समुद्रात नेतायसा व्हय?" भरतेशनं कंपनीला नाही म्हणून कळवायचं ठरवलं. मला विहिरीजवळच्या उसाच्या बांधावर कुणीतरी भिरकावलं होतं. माझं तेच व्हायला हवं होतं, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी आदिती आजोबांचा हात धरून बांधावर आली. तिनं मला उचललं. "आज्जा, डब्याचं भोक बुजवून आणूया."

"कशाला बाळ ते? टाकून देऊया. बुडवला की तुला त्यानं."

"त्याची चूक न्हाई. त्यानं सांगितलेलं. मला ऐकू आलतं."

माझ्या बाजूनं आजवर कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मला डोळे असते तर मी रडलो असतो.

पत्रेवाल्यानं माझं पाणी काढलं, रंग खरवडून गंज उघडा केला आणि कथील लावून भोक बुजवलं. मासा तेवढा राहू दिला. मग आप्पासोंनी हौदाशी, भरतेश आणि अनेकांतसमोर, आदितीलाच उभं केलं. "तूच बघ. वीस मोज." तिनं मला दोन्ही हातांनी बुडवलं आणि वीसपर्यंत मोजलं. थोडा विचार केला आणि पन्नासपर्यंत मोजलं. एकही बुडबुडा आला नाही.

"आता आधी मी," भरतेश म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघू लागले. तो पोरांसमोर खाली बसला. "मला पोवायला येत न्हाई. मला लय भ्या वाटतंय."

"कशाचं?" आदितीनं विचारलं.

एवढ्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नसावं. त्यानं विहिरीकडं बघितलं. "खालचं दिसत न्हाई, त्याचं," तो म्हणाला.

पट्टा त्याच्या छातीला पुरेना, म्हणून दोरी जोडली. पाठीवर मासा काढलेला डबा बांधून पस्तिशीतला दुकानदार विहिरीत उतरला, तेव्हा शेजारच्या मळ्यातले लोक पोट धरून हसले. तो पायरी धरून थरथरत होता, मी त्याच्या पाठीवर थरथरत होतो. पण मी कललो नाही. दुसऱ्या दिवसापासून आदितीही उतरू लागली, रोज आधी मला हौदात बुडवून. आठव्या दिवशी ती पायरीपासून आजोबांपर्यंत माझ्याशिवाय गेली. भरतेश विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकदाच गेला. कंपनीला अजून नकार गेला नव्हता; त्रिशलानं कपाटातली बॅग पुन्हा काढली.

मला त्यांनी नेलं नाही. आदितीनं बॅगेत घातलं होतं, पण भडंगाचा डबा ठेवायला जागा हवी होती. चार दिवस मी व्हरांड्यात टांगलेला होतो आणि सगळा वेळ भीत होतो.

परतल्यावर आदितीनं मला सगळं सांगितलं. जेवण दिवस मावळायच्या आत मिळालं आणि दशम्या परत आल्या. पहिल्या संध्याकाळी सगळ्या प्रवाशांना रांगेत उभं करून नारिंगी जॅकेटं कशी घालायची ते शिकवलं. तिचं जॅकेट हातात आलं तेव्हा तिनं ते कानाशी धरलं आणि हलवलं. रांगेतले लोक हसले. तिचे पप्पा हसले नाहीत. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि विचारलं, "काय वाजतंय का?" तिनं बोटानं थांबा म्हणून खुणावलं आणि ऐकत राहिली. मागची रांग खोळंबली, तरी ते थांबले.

"न्हाई वाजत," ती शेवटी म्हणाली. तेव्हा त्यांनी ते तिला घातलं. मग स्वतःचंही कानाशी धरून हलवलं.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं काही तुमच्याकडं असेल तर त्याच्या रंगावर जाऊ नका, पाण्यात बुडवून बघा. आणि तुमच्यातलं सगळ्यांत लहान कुणी भ्या वाटतंय म्हणालं, तर हसायच्या आधी त्याला एकदा विचारा, कशाचं? मग वीस मोजायला लागतो तेवढा वेळ थांबा.