सुपारीएवढी खाच

पनवेलच्या बाजारात धर्मराजला पाठीमागे चांभार म्हणत आणि सभेत चर्मकार बांधव. दोन्ही म्हणणारे चपला मात्र त्याच्याकडेच शिवायला टाकत. धर्मराज दोघांनाही सारखाच मान देई, म्हणजे फारसा देत नसे. चपला हे त्याचं पोटापुरतं काम. हात बसला होता तो घोड्याच्या सामानावर. स्टेशनावरून गावात येणारे टांगे आणि माथेरानचे घोडे यांचे लगाम, पट्टे, खोगिरं आधी त्याच्या बापाने केली, मग त्याने. त्या पट्ट्यांवरची पितळी फुलं आणि घोड्याच्या कपाळावरची चकती काशीराम तांबट ठोकून देई.

पुढे रिक्षा आल्या आणि टांगे गेले. स्टेनलेस स्टील आलं आणि काशीरामचे हंडे-कळशा माळ्यावर गेल्या. दोघांची पंचाईत एकदमच झाली. अशा वेळी एका वकिलाने डायरीला टिकाऊ कव्हर मागितलं. धर्मराजने उरलेल्या पट्ट्याच्या चामड्यातून ते बेतलं आणि वर घोड्याच्या कपाळाची चकती बसवून दिली. घोड्याला शोभत होती ती वकिलालाही शोभली. त्याने चार मित्रांना दाखवली, त्या मित्रांनी आणखी चौघांना, आणि गिऱ्हाईक मुंबईहून यायला लागलं.

काम वाटून घेतलेलं होतं. काशीराम पितळेचा पातळ पत्रा तापवून मऊ करी, राळेच्या थापीवर चिकटवी आणि मागून ठोकून मोर उठवी. मग पत्रा उलटा करून पुढून पिसांच्या रेषा काढी. धर्मराज बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं घेऊन त्यात त्या पत्र्याच्या मापाची खाच कोरी. पत्रा त्या खाचेत असा बसला पाहिजे की डोळे मिटून हात फिरवला तर चामडं कुठे संपलं आणि पितळ कुठे सुरू झालं ते कळू नये, ही त्याची अट. मध्ये मेणाचा हात द्यायचा, नाहीतर चामड्याला लागून पितळ हिरवं पडतं. पितळ आणि चामडं यांचं मुळात जमत नाही. जमवून घ्यावं लागतं.

पत्रे न्यायला धर्मराज काशीरामच्या घरी जाई. काशीरामची बायको हौसा चहा देई. पहिली काही वर्षं धर्मराजचा कप वेगळा होता, निळ्या फुलाचा. चहा झाला की तो स्वतः मोरीवर जाऊन कप विसळी आणि बाहेरच्या कोनाड्यात पालथा घाली. पुढे एकदा तो कप मांजराने पाडला, आणि हौसाने दुसरा वेगळा काढला नाही. ‘आमच्याकडं तसलं काय नाय,’ असं काशीराम त्यानंतर लोकांना अभिमानाने सांगू लागला. समाजसुधारणेचं श्रेय मांजराला कोणी दिलं नाही.

एक्क्याण्णव सालचे गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. नवीन पनवेलच्या ब्लॉकात राहणारा सत्यजीत नावाचा कंपनीतला माणूस धर्मराजच्या दुकानात आला.

“आमच्या साहेबांना दिवाळीची गिफ्ट द्यायचीय पार्ट्यांना,” तो म्हणाला. “डायरीची कव्हरं. लेदर अस्सल पाहिजे आणि वर ब्रासचा गणपती. एकदम ट्रॅडिशनल लुक.”

धर्मराजला आनंद झाला, आणि तो त्याने लपवलाही नाही. काशीराम देवांचे मुखवटे आणि प्रभावळी करी. त्याच्या हातच्या गणपतीच्या डोळ्यांकडे पाहून माणूस आपोआप चप्पल काढी. आणि इतक्या वर्षांत धर्मराजच्या चामड्यावर काय आलं होतं? मोर, वेल, हत्ती, पुन्हा मोर. काशीरामचा चांगला हात देवळांत जात होता आणि उरलेला आपल्याकडे येत होता, असं त्याला कधीकधी वाटे. आता तो चांगला हात आपल्याकडे येणार म्हणून तो दुकानाची फळी लावून लगेच निघाला.

काशीराम थापीवर वाकलेला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हातोडी खाली ठेवली.

“नाय धर्मा. मोर सांग, हत्ती सांग, पाहिजे तर अख्खं जंगल काढून देतो. देव चामड्यावर बसत नाय.”

हौसा चहा घेऊन दारात उभी होती. तिला कळलं, धर्मराजला कळलं. काशीरामला तेवढं कळलं नाही, त्याने हातोडी पुन्हा उचलली.

“बरं,” धर्मराज म्हणाला. अर्धा प्यालेला कप त्याने उंबऱ्याशी ठेवला आणि गेला. जाताना तयार मोरांचा गठ्ठाही त्याने नेला नाही.

त्यानंतर तो आला नाही. राग आला की काही माणसं आरडाओरडा करतात. त्यांचं बरं असतं, संध्याकाळपर्यंत सगळं ओसरतं. धर्मराज त्यांच्यातला नव्हता. तो दुकानात बसून चपला शिवत राहिला आणि कव्हरांचं चामडं त्याने गुंडाळून वर टाकलं. त्याला दुःख झालं होतं. देव बसत नाही म्हणून नव्हे. आपण इतकी वर्षं ज्याच्याबरोबर जोडीने काम केलं, तो आपल्या हातातल्या मालाला मनातून काय समजत होता, ते त्या दिवशी कळलं म्हणून.

सत्यजीत चकरा मारू लागला. काशीराम गणपती करत नसेल तर मुंबईहून तयार साच्यातले गणपती आणून देतो, असंही त्याने सुचवलं.

“दुसऱ्याचा पत्रा माज्या चामड्यावर बसनार नाय,” धर्मराज म्हणाला.

“अहो, पण तुमचं तर त्यांच्याशी बोलणं बंद आहे ना?”

“बोलनं बंद हाय. काम कुणाचं चांगलं ते त्यानं बदलत नाय.”

शेवटी सत्यजीतने साहेबांना विचारलं. साहेबांना गणपतीचं तितकंसं काही नव्हतंच. गेल्या वर्षी समई दिली होती, यंदा काहीतरी दुसरं द्यायचं, एवढाच त्यांचा विचार. मोर चालेल म्हणाले. सत्यजीतने ही आनंदाची बातमी दोन्हीकडे जाऊन सांगितली आणि कोणीच खूश झालं नाही. भांडणाचं कारण गेलं, भांडण तेवढं राहिलं. मोर काशीरामकडे पडून आणि चामडं धर्मराजकडे. अर्ध्या वस्तूचं गिऱ्हाईक पनवेलमध्ये नव्हतं, मुंबईतही नव्हतं.

“मी काय खोटं बोललो?” काशीराम हौसाला विचारी. “शास्त्र हाय ते.”

“शास्त्र तुमाला कवापासून कळाया लागलं?” हौसा म्हणे. “आनि देवळात भजनाला मृदुंग वाजतो, त्याला काय केळीचं पान लावलेलं असतं?”

“ते वेगळं.”

मराठीत ज्या प्रश्नाला उत्तर नसतं, त्याला ‘ते वेगळं’ हे उत्तर असतं. काशीरामलाही ते आतून ठाऊक होतं, म्हणून तो चिडे. त्याचं कामात लक्ष लागेना. एका देवीच्या मुखवट्याला त्याने एक डोळा बारीक काढला. त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. धर्मराज संध्याकाळी येऊन पत्र्यावरून अंगठा फिरवून ‘हितं खरबरीत लागतंय’ म्हणायचा, तेव्हा राग यायचा. आता काही चुकलं तरी सांगणारं कोणी नव्हतं, आणि गावात दुसरा असा माणूसही नव्हता ज्याला ते अंगठ्याने कळावं. ही जोडी मोडली तर आपण नुसते भांडीवाले उरलो, हे त्याच्या ध्यानात आलं.

दसरा आला. काशीरामने हातोड्या, ठसे, थापी मांडून त्यांना झेंडू वाहिला. दरवर्षी संध्याकाळी धर्मराज आपट्याची पानं घेऊन येई, “सोनं घे, सोन्यासारखा राहा” म्हणे, आणि काशीराम त्याला सोनं देई. यंदा दिवेलागण झाली तरी तो आला नाही. काशीराम दारात येरझारा घालू लागला.

“वाट कुनाची बघताय?” हौसा म्हणाली.

“दर वर्षी येतो तो.”

“हां. तोच येतो. तुमी कंदी गेलाय?”

काशीरामने आठवून पाहिलं. दुकानात गेला होता, कितीदा तरी. घरी नाही. घर तळ्याच्या पलीकडे आहे एवढं माहीत होतं. हौसाने त्याच्या खिशात आपट्याची पानं कोंबली आणि छत्री द्यावी तशी टोपी हातात दिली.

पलीकडे जाऊन त्याला घर विचारावं लागलं. ज्याला विचारलं तो म्हणाला, “तुमी काशीराम तांबट ना? तुमाला घर म्हाईत नाय?”

दार उघडंच होतं. धर्मराजची बायको शकू चुलीपाशी होती आणि धर्मराज भिंतीला टेकून बसला होता. त्याने काशीरामकडे पाहिलं. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. “बस,” म्हणाला.

बसण्याआधी काशीरामचं लक्ष पूजेकडे गेलं. जमिनीवर चामड्याचा एक जुना तुकडा अंथरला होता. हळदीकुंकवाने आणि तेलाने तो इतका काळपट पिवळा झाला होता की आधी लाकूडच वाटलं. त्यावर रापी, आरी, मेणाचा गोळा, टाक्याचा दोरा, सगळ्यांवर झेंडू. आणि मधोमध गणपती म्हणून मांडलेली सुपारी. खाली पाट नाही, पान नाही, तांदळाची मूठसुद्धा नाही. सुपारी गडगडू नये म्हणून चामड्यात तेवढी गोल खाच कोरलेली होती. इतकी नेमकी की तिथे बोट फिरवलं असतं तर सुपारी कुठे सुरू झाली ते कळलं नसतं.

काशीराम बघतच राहिला. असली खाच कोणाची, हे त्याला सांगावं लागलं नसतं. पण ही धर्मराजची नव्हती. कड झिजून गुळगुळीत झालेली, फार जुनी होती.

“कुनी कोरली ही?”

“आज्यानं.”

“थेट चामड्यावरच बसवता तुमी?”

“मग कशावर बसवनार?” धर्मराजचा आवाज चढला नाही. “आज्याला देवळात जाऊ देत नवते. म्हनून त्यानं देव घरी बसवला. घरात पाट नवता. चामडं व्हतं. तवापासनं तितंच बसतो तो. उठून गेला नाय कंदी.”

काशीरामला लाज वाटली. नुसती वाटली नाही, कानापर्यंत चढली. त्याने टोपी काढली, खाली बसला आणि कपाळ त्या चामड्याला टेकवलं. मग खिशातली पानं काढली. चुरगळली होती. त्यातल्या त्यात बरं पान त्याने सुपारीपाशी ठेवलं आणि दुसरं धर्मराजच्या हातात दिलं.

“सोनं घे.”

धर्मराजने घेतलं.

“उद्याच गनपतीचा पत्रा धरतो,” काशीराम घाईघाईने म्हणाला. “साहेबाचं जाऊ दे. आपल्यासाठी. एक तरी वही करू.”

“नको. वहीवर देव नको. लोक वही काखेत मारतात, कुठंपन टाकतात. गादी नाय मिळाली तर खाली घेऊन बसतात.”

“अरे!” काशीराम चक्रावला. “मग मी तरी दुसरं काय म्हनलो व्हतो? भांडलास कशाला?”

“तू वहीवर नको म्हनला असतास तर मी हो म्हनलो असतो, चहा पिऊन मोर घेऊन घरी आलो असतो. तू चामड्यावर नको म्हनलास.”

यावर काशीरामला ‘ते वेगळं’ म्हणता आलं नाही. वेगळं होतंच, आणि किती वेगळं होतं ते त्याला आत्ताच समजलं होतं. मग धर्मराज म्हणाला, “मोर तयार हायत ना? सकाळी येतो न्यायला.” काशीराम म्हणाला, “तू नको. मी आनतो.”

शकूने चहा आणला. धर्मराजला स्टीलच्या पेल्यात, स्वतःलाही तसाच. काशीरामपुढे तिने कप ठेवला, बशीसकट. पांढरा, सोनेरी काठाचा, कोराकरकरीत. घरात दुसरा कप दिसत नव्हता. निळ्या फुलाचा कप काशीरामला आठवला, आणि तो कोनाडा.

“हा वेगळा का, वहिनी?”

“तुमच्यासाठी घेतलेला. तुमी दोगांनी वह्यांचं काम सुरू केलं ना, तवा. म्हनलं, येतील कवातरी घरी, पेल्यात कसा द्यायचा.” ती हसली. “तवापासनं फळीवरच व्हता. दसऱ्याला पुसून ठेवते.”

काशीराम हळूहळू सगळा चहा प्याला. मग कपबशी घेऊन उठला, मोरीवर जाऊन ती स्वतः विसळली, आणि ओला कप हातात धरून इकडेतिकडे बघत उभा राहिला.

“कुठं ठेवू?” त्याने विचारलं.

“आता फळीवर नको,” शकू म्हणाली. “ऱ्हाऊ द्या तितंच, रोजच्या भांड्यांत.”