सहीआधीचं बाकडं

मित्रांनो, उमरग्यात दस्तनोंदणीच्या कचेरीबाहेर, लिंबाखाली, दस्तलेखक शिवशरण यांच्या टेबलाजवळ जे बाभळीचं बाकडं दिसतं, ते मीच. वय झालंय माझं. ज्ञानोबा सुतारांनी मला घडवलं, तेव्हा वर चढून दोन उड्या मारल्या आणि म्हणाले, "हत्ती बसला तरी करकरणार न्हाय!" हत्ती काही आला नाही. माणसं आली, घरंदारं लिहून द्यायला आणि लिहून घ्यायला.

एके काळी माझ्यावर जागा मिळावी म्हणून लोक सकाळीच रुमाल टाकून जात. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माझा एक पाय वाळवीनं खाल्ला, तिथं वीट आली. आता माझ्यावर छत्र्या वाळतात आणि दमलेल्या म्हाताऱ्या टेकतात.

अशीच एक टेकली होती, माकणीची शिवगंगा. तिचे मालक महालिंगप्पा किराणा दुकानाच्या कमाईतून बांधलेलं राहतं घर मुलाला, विरेशला, बक्षीसपत्रानं द्यायला आले होते. कागद तयार होता. सही तेवढी राहिली होती.

"एवढी काय घाई, अप्पा?" शिवशरणांनी सहज विचारलं.

"घाई करावीच लागती. मेल्यावर सरकार निम्मं घर कापून घेतंय म्हणं. टीव्हीवर सांगितलं."

"ते परदेशातलं असंल. आपल्याकडं असा कर होता, पण पंच्याऐंशी सालीच बंद झाला. वारसानं आलेल्या घरावर आज कर न्हाय."

"अन् आता जित्तेपणी पोराला दिलं तर?"

"तरीबी पोराला कर न्हाय. बाहेरच्या माणसानं वर्षात पन्नास हजाराच्या वर बक्षीस दिलं, तर घेणाऱ्याला भरावा लागतो. पुढं घर विकलं तर नफ्यावर कर असतो, ती गोष्ट येगळी. तुमाला आज खर्च मुद्रांकाचा अन् नोंदणीचा. पण एक ध्यानात घ्या, दिलेलं घर सहजासहजी परत येत न्हाय."

महालिंगप्पांनी पेनाचं टोपण लावलं. नसलेल्या कराच्या भीतीनं त्यांनी महिनाभर जेवण सोडल्यासारखं केलं होतं.

तेवढ्यात माझ्यावरून आवाज आला. दोन तास गप्प असलेली शिवगंगा बोलली.

"मग म्या कुठं राहू?"

"अव्वा, काय बोलतीस!" टेबलाजवळच्या खुर्चीत बसलेला विरेश म्हणाला. "तुला कोण हाकलतंय?"

"तू न्हाय हाकलणार. पण उद्या तुझ्या नोकरीचं काय झालं, घर विकावं लागलं, तर मला इचारायचं कारणच उरत न्हाय. अन् आपल्या शिवरंजनीचं काय?"

"ताईला साडीचोळी करतोच की दरवर्षी."

"साडी पांघरून पाऊस थांबतो का रं?"

रांगेतली माणसं हसली. विरेश मात्र हसला नाही. तो खुर्चीवरून उठला. "अप्पा, मलाबी कराचंच भ्या होतं. तुमी बसा इथं."

पण महालिंगप्पा खुर्चीवर बसले नाहीत. ते माझ्यावर, बायकोच्या शेजारी येऊन बसले. चाळीस वर्षांच्या संसारात व्यवहाराचं पहिल्यांदाच तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

तिनं सांगितलं. शिवशरणांनी साध्या कागदावर मृत्युपत्र लिहिलं. महालिंगप्पांच्या माघारी शिवगंगानं मरेपर्यंत त्या घरात राहावं, नंतर मुलाला आणि मुलीला निम्मं निम्मं. याला मुद्रांक लागत नाही आणि मन बदललं तर नवं लिहिता येतं, हेही सांगितलं. महालिंगप्पांनी त्यावर सही केली. साक्षीला वाटेकरी नको, म्हणून रांगेतल्याच दोघांनी सह्या केल्या.

मित्रांनो, मला नवा पाय बसवलात तर उपकारच होतील. पण त्याआधी घरातलं कुणी घाबऱ्याघुबऱ्या सही करायला निघालं असेल, तर त्याला खाली बसवा. कशाची भीती वाटते ते विचारा, जाणत्या माणसाकडून खरं-खोटं करून घ्या. आणि शेजारी कुणी पदर सावरत गप्प बसली असेल, तर तिलाही विचारा. घर तिचंही जात असतं.